हिरा सिस्टरांचा परतीचा परवाना

हिरा सिस्टर कुणालाही भेटल्या की आधी तारीख सांगायच्या. आजची नव्हे, त्या माणसाच्या जन्माची. घोडेगावच्या स्टँडवर एखादा चांगला दोन लेकरांचा बाप समोर आला आणि "ओळखलं का सिस्टर?" म्हणाला, की त्या मान वर करून त्याच्याकडे बघायच्या. मग म्हणायच्या, "तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. पहाटं पाच वाजता. पायाळू. आईला लई तरास दिलास." तो बिचारा लाजायचा. नाव मात्र त्यांना आठवायचं नाही. नाव आईबाप नंतर ठेवतात, त्यांचं काम त्याच्या आधीच संपलेलं असायचं.

तळेघरच्या बाजूच्या एका उपकेंद्रात त्यांनी तीसेक वर्षं नर्सची नोकरी केली. त्या भागात गाड्या कमी, चालणं फार. भातखाचरांच्या बांधावरून, ओढ्यातून, चढावरून त्या वाडी-वाडीला जायच्या. बाळंतपण उरकलं की हात धुऊन आधी घड्याळात बघायच्या. ते घड्याळ त्या नेहमी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, नाडी मोजताना हात फिरवावा लागू नये म्हणून. मग वहीत तारीख आणि वेळ लिहायच्या, आणि ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीला स्वतः ग्रामसेवकापुढे बसून ती नोंद करून घ्यायच्या. बाप विसरेल, आई पडून असेल, म्हणून त्या कुणावर सोडत नसत. "आमच्या वक्ताला मास्तर शाळेत घालताना समद्यांची एक जून लिवायचे," त्या म्हणायच्या. "अख्खा डोंगर एकाच दिवशी जलमला जणू. माझ्या हातनं तसं व्हायचं न्हाई."

आणि त्यांची स्वतःची जन्मतारीख? एक जून.

मी घोडेगावच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असे. सिस्टरांनी निवृत्तीनंतर आमच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा आमची ओळख झाली. खरी जवळीक झाली ती कागदांमुळे. त्यांची एकुलती मुलगी कल्पना, तीही नर्सच, अमेरिकेत मिशिगनला होती. नवरा, एक मुलगी, स्वतःचं घर. तिला तिथलं नागरिकत्व मिळालं आणि तिने आईला कायमचं राहायला बोलवायचं ठरवलं. त्यासाठी अर्जांची चळत आली. इंग्रजीत आलेला प्रत्येक कागद घेऊन सिस्टर माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. "बाई, ह्यात काय म्हणत्यात बघा बरं." मी वाचायची, मराठीत सांगायची. त्या शब्दाशब्दाला मान डोलवायच्या आणि शेवटी हमखास विचारायच्या, "खालची तारीख काय हाय?"

जन्माचा दाखला मागितला होता. तो नव्हताच. गावच्या दप्तरात नोंद आढळत नाही, असा दाखला घेतला आणि माहेरच्या एका म्हाताऱ्या मामाला प्रतिज्ञापत्र करायला मंचरला नेलं. वकिलाने टाइप केलेलं मामाला वाचून दाखवलं, एक जूनसकट. म्हातारा ऐकून म्हणाला, "जून कशाचा? ही झाली तवा आमी भात कापत व्हतो. हिच्या आईचा इळा बांधावरच राह्यला व्हता." वकील हसला. बाकी सगळ्या कागदांवर जूनच होता, आता बदलला तर सगळं अडणार होतं. मामांनी अंगठा उठवला. सिस्टरांनीही सही केली. परतताना बसमध्ये त्या एकदम म्हणाल्या, "म्हंजी मी कार्तिकातली. आन सही केली ज्येष्ठावर." दोन दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत.

हे सगळे कागद त्या ठेवायच्या लसीच्या डब्यात. लस नेताना बर्फ घालून खांद्याला अडकवायचा तो निळा डबा. डोंगरात पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, कपाटातले, ट्रंकेतले कागदही ओलसर होतात. या डब्यात मात्र हवा शिरत नाही. एका बाजूने पिचलेला आणि निकामी ठरवलेला हा डबा त्यांनी निवृत्त होताना रीतसर अर्ज करून मागून घेतला होता. त्या अर्जाच्या मंजुरीचा कागदही डब्यातच होता, सगळ्यात वर. "कुणी इचारलं तर?" त्या म्हणायच्या. कोण विचारणार होतं?

तिकडे कायमचं राहायचं कार्ड, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात ते, मिळालं आणि त्या गेल्या. चौदा महिने राहिल्या. आल्यावर लोक विचारायचे, "कसं हाय तिकडं?" तर म्हणायच्या, "स्वच्छ हाय." याच्या पुढे त्या कुणाला काही सांगत नसत. मला थोडं थोडं सांगितलं.

कल्पना आणि जावई सकाळी कामाला जायचे, नात इरा शाळेत. मग घरात सिस्टर आणि यंत्रांचे आवाज. खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. समोरच्या घरात एक गोरी बाई होती, पोटुशी. रोज गाडीतून उतरून घरात जाताना दिसायची. एक दिवस सिस्टरांना तिचा चेहरा सुजल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी चपलांचे पट्टे पायात रुतलेले दिसले. तिसऱ्या दिवशी सिस्टर रस्ता ओलांडून थेट तिच्या दाराशी गेल्या. इंग्रजी येत नव्हतं. हाताने तिचे पाय दाखवले, चेहरा दाखवला, कपाळाला हात लावून डोकं दुखतं का म्हणून खुणेनं विचारलं. बाई घाबरून मागे सरकली. यांनी तिचा हात धरला, घड्याळ उलटं करून नाडी मोजली आणि कल्पनाला फोन लावून तो तिच्या कानाला लावला. त्याच दुपारी तिला दवाखान्यात दाखल केलं; रक्तदाब फार चढला होता. आई आणि मूल दोघं वाचली.

"मग मैत्री झाली असेल," मी म्हटलं.

"झाली की. रोज काचंतनं हात हलवायची. मी बी हलवायची."

"आणि?"

"आन काय? एवढंच."

त्या तिथे असतानाच वन्सं पडल्या.

वन्सं म्हणजे सिस्टरांची नणंद बायजाबाई. त्यांचं मोल समजायला सिस्टरांच्या घरची एक गोष्ट ठाऊक असावी लागते. कल्पना तीन वर्षांची असताना सिस्टरांचे यजमान वारले. बायजाबाईंना नवऱ्याने लग्नानंतर वर्षातच माहेरी पाठवलं होतं, त्या कधी परत गेल्या नाहीत. घरात दोघी बायका आणि एक लेकरू. सिस्टर लसीचा डबा घेऊन सकाळी बाहेर पडायच्या, कधी दोन-दोन दिवस परतायच्या नाहीत. कल्पनाला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं हे सगळं आत्यानं केलं. "मी डोंगरातली पोरं जलमाला घातली," सिस्टर म्हणायच्या, "माझी पोरगी वन्संनी वाढीवली."

वन्सं अजून वर डोंगरात, वाडीतल्या जुन्या घरीच राहायच्या. तिथे त्या खाचरात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या खाटेला खिळल्या. घोडेगावला खाली यायला तयार नव्हत्या. बातमी कळल्यावर सिस्टरांनी निघायचं ठरवलं. कल्पनाने अडवलं नाही, कशी अडवणार? तिने फक्त नियम समजावून सांगितला. ते कार्ड असलेल्या माणसाने वर्षाच्या वर देशाबाहेर राहायचं नसतं. राहावं लागणार असेल तर निघायच्या आधी, तिथे असतानाच, परतीचा परवाना मागायचा. तो मिळतो जास्तीत जास्त दोन वर्षांचा. त्या तारखेच्या आत परत पोचायचं, नाहीतर कार्डाचा उपयोग संपला.

परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायला बोलावलं. यंत्र ठसे घेईना. आयुष्यभर जंतुनाशकात हात बुडवलेले, साबणाने घासलेले, सुट्टीच्या दिवशी भात लावलेले. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. तिथे एक काळी, धिप्पाड बाई होती. तिने कापसाने बोटं पुसली, मलम लावलं, पुन्हा पुसली. मग आपल्या दोन्ही तळव्यांत सिस्टरांचा हात धरून ती तो चोळत राहिली, ऊब येईपर्यंत. एकेक बोट, दहाच्या दहा.

"बाई," सिस्टर मला म्हणाल्या, "चवदा म्हयन्यांत परक्या माणसानं माझा हात धरला तो तेवढाच. ठसे आलं नसतं तरी चाललं असतं मला."

त्या आल्या. परवाना मागाहून कुरिअरने आला. पासपोर्टसारखंच पण पातळ, हिरवट पुस्तक. मी त्यांना शेवटची तारीख वाचून दाखवली. त्यांनी ती स्वतःच्या वहीत उतरवून घेतली आणि पुस्तक डब्यात ठेवलं.

पुढची दोन वर्षं त्या वर वाडीतच राहिल्या. बाजारच्या दिवशी तेवढ्या घोडेगावला उतरायच्या, वन्संची औषधं घ्यायला, आणि माझ्याकडे यायच्या कारण वर फोनला रेंज नसायची. आमच्या पुढच्या खोलीत बसून कल्पनाशी बोलायच्या. मी चहा ठेवायला आत जायची, पण घर लहान. सगळं ऐकू यायचं.

एकदा कल्पना म्हणाली, "आई, आता सहा महिने राहिले."

"कशाला?"

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "परवान्याला."

"हां, परवान्याला," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं..."

ज्या माणसाने दोघींसाठी आयुष्य घातलं, त्याचं काय व्हायचं ते सहा महिन्यांच्या आत व्हावं, असा हिशोब दोघींच्या मध्ये येऊन बसला होता. कुणी तो मांडला नव्हता, पण होता. फोन ठेवल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "त्या पुस्तकात तारीख हाय, बाई. वन्संच्या कपाळावर न्हाई."

मग कल्पनाला दिवस गेल्याचं कळलं. अडतिसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा. आणि दिवस भरत होते ते बरोबर परवाना संपायच्या सुमाराला. आता मीही मध्ये पडले. म्हटलं, "सिस्टर, तीन महिन्यांसाठी जा. लेकीचं बाळंतपण करा, कार्डही राहील. मग या पुन्हा." वाडीतली एक चुलत जाऊ वन्संजवळ राहायला तयार झाली. सिस्टरांनी तिला महिनाभर सगळं शिकवलं. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, कोणती गोळी कधी द्यायची. तिकीट काढलं. त्यांनी बाळंतविडा बांधला: डिंक, अळीव, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. इतक्या वर्षांत त्यांना मी इतकं उत्साहात कधी पाहिलं नव्हतं. "डोंगरातल्या समद्या बायांची बाळंतपणं केली," त्या म्हणायच्या, "इरा झाली तवा व्हिसा न्हाई गावला. आता ह्ये तरी माझ्या हातनं व्हईल."

निघायच्या दिवशी त्या सकाळच्या गाडीने बॅग घेऊन खाली आल्या. दुपारी मुंबईला नेणारी जीप माझ्या घरून निघायची होती. मी पोळ्या करत होते. सिस्टर ओट्यावर बसल्या होत्या. मी बाहेर आले तेव्हा त्या चपला घालत होत्या.

"कुठे निघालात? जीपला वेळ आहे."

"वरची गाडी साडेबाराला हाय ना?"

मला समजेना. मग त्या सांगू लागल्या. वन्सं गेले काही महिने कुणाला ओळखत नव्हत्या. कधी सिस्टरांना आई म्हणायच्या, कधी शिव्या द्यायच्या. त्या सकाळी निघताना सिस्टरांनी पाया पडून सांगितलं, "वन्सं, कल्पीकडं जाऊन येते." आणि वन्संनी डोळे उघडून अगदी स्वच्छ म्हटलं, "जा हिरे. पोरगी एकली हाय."

"मग?" मी म्हटलं. "त्यांनीच तर जा म्हटलं."

"तेच ना बाई. नगं जाऊ म्हणल्या असत्या, शिवी दिली असती, तर गेले असते मी."

मी खूप समजावलं. चिडलेसुद्धा. म्हटलं, तुमच्या मुलीला तुमची गरज आहे, वन्संना दोन तासांनी काही आठवणार नाही. त्या ऐकत राहिल्या. "खरं हाय," म्हणाल्या. "तुमचं समदं खरं हाय." आणि बॅग माझ्याकडे ठेवून, फक्त डबा घेऊन, साडेबाराच्या गाडीने वर गेल्या. कल्पनाला फोन मला करावा लागला. ती रडली नाही. "बरं," म्हणाली. "बाळंतविडा पाठवाल का मावशी?"

मुलगा झाला. बातमी माझ्या फोनवर आली. बाजारच्या दिवशी सिस्टर आल्या तेव्हा मी पेढा पुढे केला. त्यांनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "किती वाजता?" मी सांगितलं. "हितल्या घड्याळानं का तिथल्या?" तिथल्या. "वजन?" तेही सांगितलं. मग त्यांनी डब्यातून आपली जुनी वही काढली. डोंगरातल्या जन्मांची ती वही निवृत्तीच्या दिवशी रेघ मारून बंद केलेली होती. त्या रेघेच्या खाली त्यांनी नातवाची तारीख आणि वेळ लिहिली. आईच्या नावापुढे 'कल्पना' लिहिलं. शेवटच्या रकान्यात बाळंतपण कुणी केलं ते लिहायचं असे. तो त्यांनी कोरा ठेवला.

परवान्याचा शेवटचा दिवस नेमका बाजाराचा होता. त्यांनी पुस्तक काढून मांडीवर ठेवलं. मी चहा घेऊन आले तेव्हा स्वतःच्याच मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होत्या. मी वाट पाहिली.

"किती?" मी विचारलं.

"बहात्तर. बरी हाय."

वन्सं त्यानंतर सात महिन्यांनी, भातलावणीच्या दिवसांत गेल्या. झोपेत. पाठीला एकही जखम नव्हती, हे सिस्टरांनी मला दोनदा सांगितलं.

मग कल्पनाने चौकशी केली. ज्यांचा परतीचा परवाना संपला अशांनाही एक वाट असते. मुंबईतल्या वकिलातीत अर्ज करायचा, आणि पटवून द्यायचं की परत यायचा इरादा होता, पण आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे येता आलं नाही. मी निवेदन लिहिलं. डॉक्टरांची पत्रं जोडली, वन्संच्या मृत्यूचा दाखला जोडला. मला वाटत होतं, यापेक्षा खरं प्रकरण कुठलं असेल? सिस्टर म्हणाल्या, मराठीत सांगा. मी सांगितलं. 'हाताबाहेरच्या' या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं.

"हे खरं न्हाई, बाई."

"सिस्टर, हे फॉर्मचं वाक्य आहे. सगळेच असं लिहितात."

"लिवत असतील."

मामांच्या प्रतिज्ञापत्रावर केली तशी त्यांनी याच्यावरही सही केली. मला वाटलं, मिटलं.

मुंबईला मी बरोबर गेले. आत मला सोडलं नाही. मी समोरच्या फुटपाथवर छत्री धरून उभी होते. दीड तासाने त्या बाहेर आल्या. आत डबा नेऊ दिला नव्हता म्हणून तो त्यांनी एका दुकानात ठेवला होता, तो आधी घेतला, मग माझ्याकडे आल्या. आत काय झालं ते त्यांनी परतीच्या वाटेवर माळशेज चढताना सांगितलं.

काचेच्या पलीकडे एक तरुण अधिकारी होता, शेजारी मराठी बोलणारी मुलगी. अधिकाऱ्याने सगळे कागद वाचले. म्हणाला, तुमच्या नणंदेबद्दल वाईट वाटलं. मग विचारलं, या तारखेच्या आधी तुम्हाला निघता आलं नाही का?

"मी म्हणलं, तिकीट काढलं व्हतं. बॅग भरली व्हती. सांभाळायला माणूस व्हतं."

त्याने पुन्हा विचारलं. सिस्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, अगदी मऊ आवाजात. म्हणजे तुम्हाला निघणं शक्यच नव्हतं, असं म्हणायचंय का तुम्हाला? ती मराठी मुलगी तर नुसती मान हलवून सुचवत होती, हो म्हणा.

"मग?"

"मी म्हणलं, शक्य व्हतं. वन्संनी सोत्ता जा म्हणलं व्हतं. मी ऱ्हायले. माझ्या मनानं ऱ्हायले."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. घाटात सगळीकडे पाणी वाहत होतं आणि मला सिस्टरांचा फार राग आला होता. एका शब्दाने सगळं झालं असतं. लेक, नात, त्यांनी अजून मांडीवर न घेतलेला नातू. मी शेवटी म्हटलं, "हाताबाहेर होतं म्हटलं असतं तर काय खोटं झालं असतं? तुमच्या जागी कोण गेलं असतं?"

"तसं म्हणलं असतं तर," सिस्टर म्हणाल्या, "मी वन्संपाशी ऱ्हायले न्हाई, अडाकले व्हते, असं झालं असतं. अडीच वर्सं हागणंमुतणं काढलं ते अडाकले म्हणून न्हाई काढलं."

अर्ज नामंजूर झाला होता. कार्डही त्यांनी तिथेच एक फॉर्म भरून परत दिलं होतं. ज्याचा उपयोग नाही ते जवळ ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम औषधांनाही असे.

आळेफाट्याला गाडी चहाला थांबली. ट्रकांच्या हॉर्नमध्ये त्यांनी कल्पनाला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. स्पीकर लावला होता, त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं.

"कल्पे, हाय का?"

"आहे." मग म्हणाली, "आई, त्या दिवशी तू आत्याला सोडून आली असतीस ना, तर मला फार बरं वाटलं असतं. आणि मग मी तुला कधीच माफ केलं नसतं."

"व्हय," सिस्टर म्हणाल्या.

"नव्याने अर्ज करूया. वर्ष-दीड वर्ष लागेल."

"नगं. कायमचं न्हाई आता. पावणी म्हणून येईन. लेकीकडं आईनं पावणीच जायचं असतं."

पाहुणीच्या व्हिसाचा अर्जही मीच भरला. मुलाखतीची तारीख फार पुढची मिळाली आहे. घोडेगावच्या दोन खोल्या त्यांनी शाळेच्या एका शिक्षिकेला राहायला दिल्या आणि स्वतः वन्संच्या घरात, वाडीला राहायला गेल्या. मी विचारलं, तिथे आता कोण आहे तुमचं? म्हणाल्या, "हितं तरी कोण हाय?" मग माझ्याकडे बघून गडबडीने म्हणाल्या, "तुमी हाय म्हणा." मला ते लागलं नाही. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि त्यांनी माझ्यासाठी प्रयत्न केला होता.

गेल्या डिसेंबरात व्हिसाच्या कागदांवर सही घ्यायला मी वर गेले. घर झाडून लख्ख होतं. वन्संची खाट तिथेच, तिच्यावर नाचणी वाळत घातलेली. जेवण झालं, सह्या झाल्या. साडेचारलाच त्यांची घाई सुरू झाली. तोंड धुतलं, केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसल्या. म्हणाल्या, "चला, तुमाला गाडीपत्तुर सोडते. मला बी तिकडंच जायचंय."

गाडी थांबते त्याच्या वरच्या अंगाला एक सपाट कातळ आहे. अलीकडे तेवढ्या जागेवर रेंज येते. कल्पना रोज इराला शाळेत सोडण्याआधी, तिकडच्या सकाळी सात वाजता, फोन लावते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. सिस्टर कातळावर पदर सावरून बसल्या आणि समोर एका दगडाला टेकवून त्यांनी फोन उभा केला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अजून वेळ आहे," मी म्हटलं.

"उठली नसतील. बसते मी." मग जरा संकोचून म्हणाल्या, "बाई, 'गुड मॉर्निंग' बरोबर म्हणते का बघा. पोराला आता समजाया लागलंय. इरा हसती माझ्या बोलण्याला." त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. समोर खाचरांवरून ऊन डोंगरामागे उतरत होतं. मी म्हटलं, अगदी बरोबर.

गाडी आली. मी खिडकीशी बसले आणि हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या फोनसमोर जरा पुढे वाकून बसल्या होत्या, दारावर कुणाची चाहूल घेत बसावं तशा, आणि त्यांचे ओठ हलत होते. गाडी वळणावर गेली तोवर फोन वाजला नव्हता.